साडेचारशे ग्रॅमची गादी

अडतीस वर्षं मी लोकांना झोपवतो आहे. गाद्या करणं हा माझा धंदा. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पुढे तयार गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, मागे शिवणाचं मशीन, कापूस, काथ्या आणि रबराचे थर. कोणीही आलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो, झोपता कसे, पाठीवर की कुशीवर? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. त्यामुळे या गावात कोण कसं झोपतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल, आणि ते मी कधी चारचौघांत बोललेलोही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चांगलीच शोभा झाली आहे.

आमची ही नर्स होती. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. पहाटे पाळी संपत आली की औषधांची ट्रॉली ढकलत ती वॉर्डच्या टोकाच्या खिडकीशी यायची. तिथून लांबवर डोंगराची एक धार दिसायची. ऊन आधी त्या धारेवर पडायचं आणि मग आमच्या गावात उतरायचं. त्या धारेपलीकडे म्हणे एक मोठं पठार आहे. एकदा तरी त्या पठारावर झोपायचं आणि तिथेच जागं व्हायचं, एवढीच तिची इच्छा. माझ्याकडे तिने कधी काही मागितलं नाही, आणि हेही माझ्याकडे मागितलं नव्हतं. नुसतं बोलून दाखवायची.

निवृत्त झाल्यावर ती डोंगर चढणाऱ्या एका मंडळात जाऊ लागली. मंडळाची प्रमुख म्हणजे जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेली एक बाई. तिला सगळे पोस्टमनबाईच म्हणतात. पठाराची वाट तीन दिवसांची आहे. पहिला मुक्काम वाटेतल्या कुरणात, आणि दुसऱ्या दिवशी अरुंद धारेवरून सहा तासांची चाल. ज्याची रात्री झोप झाली नाही त्याला पोस्टमनबाई धारेवर नेत नाही. झोप झाली का, असं विचारलं तर सगळेच माना डोलावतात, म्हणून ती विचारतच नाही. सकाळी सगळ्यांना रांगेत एका पायावर उभं करते, डोळे मिटायला लावते आणि वीसपर्यंत मोजते. वीसच्या आत ज्याचा दुसरा पाय टेकला तो घरी. पोस्टमनबाईशी हुज्जत घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

गेल्या वर्षी ही सातव्या आकड्यालाच कलली.

आणि त्याचं कारण मी. घरात गादीवाला असताना बाहेरून गादी आणायची म्हणजे माझ्या नाकावर टिच्चून आणल्यासारखंच होतं. मी स्वतः बसून तिच्यासाठी एक गादी शिवली. दोन बोटं जाड, आत रबराचा थर, वर पिंजलेला कापूस, कडेला दुहेरी शिलाई. वजन तीन किलो दोनशे ग्रॅम. दुकानात गादी म्हणून ते काहीच नव्हे, पाळण्यातल्या पोराचीही त्याहून जड असते. हिने ती दिवसभर पाठीवर वाहिली. संध्याकाळपर्यंत खांदे सुजले, रात्री दवाने कापूस भिजला, आणि सकाळी ती गादी ओली गच्च होऊन पाच किलोंची झाली. हिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी घरी आली, गादी अंगणातल्या तारेवर वाळत घातली आणि एक अक्षर बोलली नाही. ही बोलते तेव्हा मी निर्धास्त असतो. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. पाण्याच्या आवाजाखाली ती रडत होती, हे मला बाहेर कळत होतं, आणि आत जायचा धीर मला झाला नाही.

या वर्षी तिने मला सरळ सांगितलं, की गादी ती दुकानातून विकत आणणार आहे, आणि या वेळीही परत फिरावं लागलं तर पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही. तंबूत तिच्या जोडीला असायची ती मास्तरीणबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसली होती. तंबू दोघांचा. मी म्हटलं, मी येतो. हिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पेशंटला घरी सोडायचं की नाही ठरवताना पाहतात तसं, आणि मग हो म्हणाली.

डोंगरचढाईच्या सामानाचं दुकान आमच्या बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथली विकणारी मुलगी आमच्या धाकटीच्या वयाची. तिच्या टेबलावर सोनाराकडे असावा तसा बारीक काटा होता आणि तीही प्रत्येक वस्तू सोनारासारखीच तोलून दाखवत होती. जमिनीवर एक लाकडी चौकट, तिच्यात खडी आणि दोन-चार टोकदार दगड पसरलेले. गादी घ्यायची तर त्या खडीवर टाकून वर आडवं व्हायचं. कल्पना चांगली होती. आपल्याला ती अडतीस वर्षांत सुचली नाही याचा मला राग आला.

तिने तीन तऱ्हा मांडल्या. एक फोमची, घडी होणारी चटई. कधी फुटत नाही, भिजत नाही, पण हातभर जाड वळकटी पाठीवर बांधावी लागते. दुसरी आत फोम आणि हवा दोन्ही असलेली, झाकण उघडलं की आपण होऊन फुगणारी. तिसरी नुसती हवेची. आतून चांदीसारखा पातळ कागद, तो अंगाची ऊब परत अंगाकडे पाठवतो. जमिनीचा गारवा कोणती किती अडवते याचा प्रत्येकीवर आकडा छापलेला. मी प्रत्येकीवर कोपर दाबून पाहिलं, कारण हाताला गादी खोटं सांगते, कोपराला सांगत नाही. आणि मग माझं मत दिलं. मी म्हटलं, कापूस कधी दगा देत नाही, हवा मात्र कधी निघून जाईल सांगता येत नाही. मुलगी नम्रपणे हसली. असे उंटावरचे शहाणे तिच्याकडे रोज येत असणार.

मग तिने हिला विचारलं, "मावशी, तुम्ही झोपता कशा? पाठीवर की कुशीवर?"

"पाठीवर," मी म्हणालो. हिने तोंड उघडायच्या आत.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीला म्हणाली, "उजव्या कुशीवर."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण चेष्टा करताना तिची डावी भुवई वर जाते, ती जागची हलली नव्हती. चौतीस वर्षांचा आमचा संसार. त्यातली तीस वर्षं ती कामावरून घरी यायची तेव्हा मी दुकानाची किल्ली घेऊन दारात असायचो. ती दिवसा झोपायची, मी दुकानात. आता घरी असते, तर माझं डोकं उशीला टेकलं की मी गेलो, आणि मी उठतो तेव्हा तिचा चहा झालेला असतो. थोडक्यात, मी माझ्या बायकोला नीट झोपलेली कधी पाहिलेलीच नव्हती. आणि आमच्या पलंगावरची गादी, माझ्या हातची, मी पाठीवर झोपणाऱ्या माणसासाठी करतात तशी कडक भरलेली होती. माझ्यासारख्या माणसासाठी. कंबरेखाली ती एक घडी घातलेली शाल ठेवते, ते मी कैक वर्षं बघतो आहे. मला वाटायचं, तिला शालीची आवड आहे.

मी हळू आवाजात विचारलं, "बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही गिऱ्हाइकांना विचारता," ती म्हणाली. "मी गिऱ्हाईक थोडीच होते?"

ती हे रागाने म्हणाली नाही, सहज म्हणाली. ती विकणारी मुलगी एकदम काट्याची पाटी पुसायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच होतो, आणि तोही एका परक्या मुलीसमोर विझला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण जमिनीवर खडी होती आणि गादी अजून घ्यायची होती.

मी बाह्या सरसावल्या आणि खाली बसलो. हिला म्हटलं, झोप उजव्या कुशीवर. मग अडतीस वर्षं परक्या माणसांसाठी जे केलं ते मी तिच्यासाठी करायला घेतलं. कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि कंबरेच्या हाडावर येतो, तेवढीच दोन ठिकाणं बुडायला हवीत आणि बाकीचं अंग उचललेलं राहायला हवं. मी गादीखाली हात सरकवून कंबरेचं हाड कुठवर येतं ते चाचपत होतो. पहिल्या गादीत ते थेट खडीला लागलं. दुसरी इतकी अरुंद की गुडघा दुमडला की बाहेर. तिसरी चांगली होती, पण ही जराशी हलली तरी कोणी शेजारी बसून कागदाच्या पुड्या सोडतंय असा आवाज. चौथीत अंग चांगलं बसत होतं, पण मुलगी म्हणाली, मावशी, ही उन्हाळ्याची आहे, वर गारठ्यात रात्री दात वाजतील. असं करत आम्ही सात गाद्या पालथ्या घातल्या. दुकानात आलेली दोन-तीन माणसं आपली खरेदी सोडून बघत उभी राहिली होती. ही प्रत्येक वेळी उठायची, पुन्हा आडवी व्हायची, आणि आठवीवर तिला हसू यायला लागलं. कोणी आपल्यासाठी इतकी खटपट करतंय याचं ते हसू होतं, आणि मला ते फार आवडलं.

आठवी चार बोटं जाड, खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती. मुलीने एक मोठी पिशवी तोंडाला जोडून तिच्यात हवा भरली. तोंडाने फुंकायची नाही म्हणे, श्वासातलं पाणी आत जातं. मी म्हटलं, अजून भर, टणक होऊ दे. मुलगी म्हणाली, काका, चूक इथेच होते सगळ्यांची. तिने झाकण किंचित उघडलं, सुस्स करून थोडी हवा सोडली, मला म्हणाली, आता हात घालून बघा. मी हात घातला. हिचं हाड खाली आलं होतं आणि खडीपासून बरोबर दोन बोटं वर थांबलं होतं. मी कोपर दाबून पाहिलं, मान डोलावली, आणि एका गादीवाल्याने दुसऱ्या गादीवाल्याला द्यायचा मान तिला दिला. काट्यावर ती गादी साडेचारशे ग्रॅम भरली. गुंडाळली तर पाण्याच्या बाटलीएवढी.

उशीला माझी टेप बाहेर निघाली. कुशीवर झोपणाऱ्याची उशी मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर तेवढी उंच लागते. तीही हवेची, वर मऊ कापड, ऐंशी ग्रॅम. मी म्हटलं, दोन घे, एक गुडघ्यांच्या मध्ये ठेवायला, कंबर सुटेल. ती नको म्हणाली. तिने पाठीवरच्या पिशवीचं वजन सात किलोंवर बांधून घेतलं होतं आणि त्यासाठी टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. माझ्यासाठी मी फोमची पातळ चटई घेतली. गादीवाल्याला कशावरही झोप लागते, असं मी मुलीला सांगितलं. एक उशी मात्र तिने मला आग्रहाने घ्यायला लावली.

पुढच्या आठवड्यात मी ती हवेची गादी रोज फुगवली. झाकणाभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. वर पुस्तकांचे गठ्ठे ठेवले. एका दुपारी हिला तिच्यावर झोपायला लावून शेजारी खुर्ची टाकून बसलो. पाच मिनिटांनी तिने मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं, की कोणी असं टक लावून बसलं तर मेलेला माणूसही झोपायचा नाही, तर जरा दुकानात जाऊन या. मी परत आलो तेव्हा तिच्या गालावर उशीची वळी उमटली होती. माझी निम्मी काळजी गेली आणि उरलेली निम्मी मी डोंगरावर घेऊन गेलो.

चढाईचं सांगण्यासारखं फार नाही. मी धापा टाकत होतो, ही पुढे होती. कुरणात पोचलो, तंबू ठोकले, काळोख पडायच्या आत जेवणं उरकली. गादीत हवा मीच भरली, आणि आठवणीने थोडी सोडली. ही उजव्या कुशीवर वळली, बरं वाटतंय म्हणाली, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास लांब झाला.

मी झोपायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ती हवा. खाली गवतात एखादा काटा असेल, झाकण सैल असेल, मध्यरात्री हाड जमिनीला लागेल आणि हिला जाग येईल. म्हणून मी हात सरकवून पाहिलं. दोन बोटं होती. पुन्हा काही वेळाने पाहिलं. दोन बोटं होती. दर वेळी ठरवायचो की आता शेवटचं, आणि जित्याची खोड, हात आपोआप तिकडे जायचा. मधल्या वेळात तंबूच्या कापडातून झिरपणाऱ्या चांदण्यात मी तिला बघत होतो. डावी मूठ हनुवटीखाली, ओठ जरासे उघडे, आणि कपाळावर एकही आठी नाही. एकदा माझा गार हात तिच्या मनगटाला लागला, तर झोपेतच म्हणाली, "हात सैल सोडा, दुखणार नाही." मी सोडला. या आधी इतक्या वर्षांत कुठल्याही रात्री मी इतका सुखात नव्हतो. पहाटेपर्यंत मी बहुधा चाळीस वेळा हात घातला असेल आणि हवा केसभरही कमी झाली नव्हती.

सकाळी पोस्टमनबाईने रांग लावली. आम्ही बारा जण, एक पाय वर, डोळे बंद. मोजणी सुरू झाली आणि मी चारलाच शेजारच्या गृहस्थावर कोसळलो. त्या बिचाऱ्याचाही पाय टेकला. त्याला नंतर दुसरी संधी मिळाली. मला नाही.

पण गवतात पडल्यापडल्या मी डोळे उघडले, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. सहा. सात. ही उभी होती. सातला माझा श्वास अडकला आणि आठला सुटला. बाराला तिची टाच थोडी हलली, पण तिने दोन्ही हात पसरून तोल सावरला. वीस झाले. पोस्टमनबाई थांबली. हिने डोळे उघडले नाहीत, ती स्वतःच पुढे मोजायला लागली, एकवीस, बावीस, आणि तिसाला पोस्टमनबाई म्हणाली, पुरे आता, सिस्टर, आम्हाला निघायचंय. तेव्हा तिने पाय खाली ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बसूनच वाजवल्या.

मग तिने मला खाली बसलेला पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. जवळ येऊन बसली.

"तुम्ही झोपला नाहीत."

"हवा बघत होतो."

"रात्रभर?"

मी मान हलवली. ती आधी हसली, पोट धरून हसली, इतकी की पोस्टमनबाईने वळून पाहिलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते बाहीने पुसले. मग म्हणाली, मीही येते तुमच्याबरोबर परत. मला ती तसंच म्हणणार हे माहीत होतं, आणि त्याचीच मला भीती होती.

"खबरदार," मी म्हणालो. "तीस वर्षं तू लोक झोपावेत म्हणून जागलीस. एक पाळी मी केली, तर ती वाया घालवू नकोस."

ती माझा हात दोन्ही हातांत धरून बसली, नाडी बघतात तसा, पण नाडी बघत नव्हती. पोस्टमनबाईने येऊन सांगितलं, की सिस्टर आता पुढे तिच्याबरोबर तिच्या तंबूत झोपतील, आणि मी कुरणातच दुपारपर्यंत झोप काढून मग सरळ गाडीवाटेने खाली उतरायचं, मध्ये कुठे शहाणपणा करायचा नाही. मी बरं म्हटलं. हिने आपली पिशवी भरली, पाठीवर घेतली, चार पावलं गेली आणि परत आली.

"तुमची उशी द्या," ती म्हणाली. "गुडघ्यांत ठेवायला."

मी उशी दिली. तिने ती पिशवीच्या बाहेरच्या खिशात कोंबली आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मंडळी निघाली. धार सुरू होते तिथपर्यंत सगळं कुरणातून दिसतं. मी उभा राहून बघत होतो. तिथे पोचल्यावर बाकीच्या दोघा-तिघांनी मागे वळून हात केला. ही वळली नाही. पुढे बघत, ठाम पाय टाकत, उन्हात चढत गेली. मला इतका आनंद झाला की तिकडेच बघत राहिलो, आणि ती पलीकडे उतरून दिसेनाशी झाल्यावर तिथेच गवतात आडवा झालो.